कॅमेऱ्याआधी माइक

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत ३० वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. दहावीच्या व्याकरणावर दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ करून यूट्यूबवर ठेवण्याचा विचार आहे. मी खुर्चीत बसून बोलणार आणि अधूनमधून उदाहरणे पडद्यावर लिहून दाखवणार. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेला बरा अँड्रॉइड फोन आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. ५०,००० रुपये बाजूला काढले आहेत. ते सगळे कॅमेऱ्यात घाल, असे भाचा म्हणतो. कोणता कॅमेरा घ्यावा आणि संकलनासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?
— एक वाचक, वाई

उत्तर : भाच्याचा सल्ला मायेपोटी असला, तरी तो तूर्त मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलणाऱ्या माणसाचे चित्र थोडे फिके आले तर प्रेक्षक चालवून घेतो. आवाज घुमू लागला किंवा त्यामागे पंख्याची घरघर सुरू झाली, की तो उठून जातो. शिवाय 'न' आणि 'ण' यांतला फरक स्वच्छ ऐकू येणे हा आपल्या विषयाचाच भाग आहे. म्हणून पहिली खरेदी कॉलरला लावायच्या माइकची करावी. तारेचा साधा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो.

फोन पाच फुटांवर ठेवला, की त्याच्या अंगच्या माइकमध्ये आपल्या आवाजाच्या जोडीला खोलीही बोलू लागते. अंतर दुप्पट झाले, की तोंडातून थेट पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, भिंतींवरून परतणारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, आणि त्यामुळे बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. तो पदराखाली झाकला जाऊ नये आणि गळ्यातली माळ त्यावर घासू नये, कारण ती खरखर नंतर काढता येत नाही. समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगली, तर आणखी फरक पडतो. फोनला हेडफोनचे गोल छिद्र नसेल, तर टाइप-सी पिनेचा माइक मागावा. गोल पिनेचा घेणार असाल, तर पिनेवरच्या रेघा मोजून घ्याव्यात : फोनच्या पिनेवर तीन असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रकाशासाठी खिडकी पाठीमागे न ठेवता चेहऱ्याच्या तिरक्या बाजूला येईल अशी खुर्ची मांडावी. दिवा घेतला आणि आपण चष्मा लावत असाल, तर दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा बराच वर आणि बाजूला ठेवावा, नाहीतर काचांत दिव्याचे दोन चौकोन दिसत राहतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसू शकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलता येतात तिथे, शटरचा वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला, की ते बहुधा जातात.

आता कॅमेरा. आपला फोनच वापरावा, मात्र पुढचा नव्हे, मागचा कॅमेरा. बहुतेक फोनांत तोच जास्त चांगला असतो. फोन तिपाईवर डोळ्यांच्या उंचीला लावावा, चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करावा, विमान मोड लावावा आणि १०८० रेझोल्यूशनवर चित्रण करावे. फोर-केच्या मोठ्या फाइली आपल्या लॅपटॉपला झेपणार नाहीत आणि व्याकरणाला त्यांचा उपयोगही नाही. बारीक चौकडीची साडी त्या दिवशी टाळावी, चित्रात ती थरथरते.

सॉफ्टवेअरचा निर्णय लॅपटॉपकडे पाहूनच करावा लागतो. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्कृष्ट आहे, ती व्हिडिओवर स्वतःचा शिक्काही उमटवत नाही, पण ८ जीबी रॅमवर ती आपला अंत पाहील. आपल्यासाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह पुरे आहे. दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. फोनच्या चित्रणात दर सेकंदाच्या चौकटींची संख्या अनेकदा कमीजास्त होते, त्यामुळे लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ लागते. शॉटकट अशी फाइल ओळखून ती संकलनायोग्य रूपात बदलण्याविषयी विचारते. तेव्हा होकार द्यावा.

आपल्या कामात खरी परीक्षा देवनागरीची आहे. कोणतेही सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी त्यात 'विद्यार्थ्यांच्या' हा एकच शब्द टाइप करून पाहावा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडली, तर ते आपल्या कामाचे नाही. प्रीमिअर प्रोसारख्या महागड्या सॉफ्टवेअरमध्येही दक्षिण आशियाई लिपींची सोय सेटिंगमधून निवडावी लागते. हे नको असेल, तर उदाहरणांच्या पाट्या लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये तयार करून चित्र म्हणून संकलनात घालाव्यात. मुक्त हा मोफत फाँट पडद्यावर ठसठशीत दिसतो. अक्षरे इतकी मोठी ठेवावीत, की मागच्या बाकावरच्या मुलाला, म्हणजे आता हातातल्या छोट्या फोनवर बघणाऱ्याला, ती वाचता यावीत.

उरलेली रक्कम तशीच राहू द्यावी. पंधरा-वीस भाग झाल्यावरही कॅमेरा हवासा वाटला, तर पुण्यात एका दिवसासाठी भाड्याने आणून पाहावा. त्याचा पडदा पुढे वळतो का, माइकचे छिद्र आहे का आणि एका दमात तो किती वेळ चित्रण करतो, हे तपासावे. जुन्या अनेक कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा असे, कारण अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर युरोपात जास्त आयात शुल्क लागे. दहा मिनिटांच्या धड्याला ही मर्यादा आड येणार नाही. मात्र उन्हाळ्यात बंद खोलीत छोटा कॅमेरा तापून आपोआप बंद पडू शकतो, म्हणून भाड्याने आणायचाच तर मे महिन्यात आणावा, म्हणजे ही परीक्षाही होऊन जाईल.