मदत संस्थेत कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेच्या जबाबदारीचं ऑडिट कसं करावं? तयार चेकलिस्ट मिळेल का?

चेकलिस्ट मिळेल, पण ती हातात घेऊन सुरुवात करू नका. तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या एका मदत संस्थेत तुम्ही अंतर्गत लेखापरीक्षक आहात, देणगीदाराने पहिल्यांदाच 'ड्यूटी ऑफ केअर'चं, म्हणजे कामावरच्या माणसांच्या सुरक्षेच्या जबाबदारीचं, ऑडिट मागितलंय, आणि सुरक्षा धोरण, प्रशिक्षणाचं रजिस्टर, अपघात विमा सगळं फाइलला लावलेलं आहे. आमच्याकडेही होतं. म्हणूनच लिहायला बसले.

मी इथल्याच एका संस्थेचे हिशोब बरीच वर्षं पाहिले. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही ताडपत्र्या, चटया, कोरडा शिधा भरून गाड्या पाठवल्या. त्यातल्या एका गाडीवरच्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणायचे. गाडी त्यांची स्वतःची, पांढऱ्या नंबरप्लेटची, संस्थेकडे किलोमीटरवर लावलेली. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आमच्या आरोग्यवाल्या ताईंना न्यायचं-आणायचं काम तेच करायचे. सावळ घाटात धुकं उतरलं की मामा गाडीवर आहेत म्हटल्यावर घरचे निश्चिंत असायचे. चिपळूणला माल उतरवल्यावर ऑफिसातून निरोप गेला, मुक्काम करू नका, रात्रीच निघा, सकाळी पुढचा माल भरायचाय. कसारा चढून आल्यावर इगतपुरी आणि घोटीच्या मधे गाडी दुभाजकावर चढली. मामा वाचले. उजवी मांडी मोडली, रॉड टाकावा लागला, गाडी भंगारात गेली.

महिनाअखेरीला व्हाउचर लावताना मी त्या गाडीचं फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. जाताना घोटीच्या टोलवर पहाटे सव्वातीन. परतताना पडघ्याच्या टोलवर रात्री पाऊण. मधले साडेएकवीस तास तो माणूस एकतर स्टिअरिंगवर होता, नाहीतर भर पावसात पोती उतरवत होता. सोबत दुसरा ड्रायव्हर नव्हता. आमच्या सुरक्षा धोरणात छान मराठीत छापलेलं होतं, रात्री दहानंतर संस्थेचं वाहन रस्त्यावर राहणार नाही.

आणि त्या वर्षीच्या अपघात नोंदवहीत काय लिहिलं गेलं? 'निरंक'. कारण मामा आमचे कर्मचारीच नव्हते. त्यांचे पैसे 'वाहनभाडे' या शीर्षाखाली जायचे, पगारपत्रकात नाव नाही, त्यामुळे ग्रुप अपघात विम्याच्या यादीतही नाही. गाडीच्या विमा कंपनीने हात वर केले, खासगी गाडी भाड्याने चालवत होता म्हणून. मामी गंगापूर रोडच्या ऑफिसात आल्या, एवढंच मागत होत्या की त्या दिवशी हे तुमच्या कामावर होते असं पत्र द्या. ते पत्र मिळालं नाही, वकिलांनी नको सांगितलं होतं. सचिव मला म्हणाले, "ताई, आपण सेवा करतो, कंपनी चालवत नाही. मामा घरचेच आहेत, बघू आपण." मग स्टाफकडून वर्गणी गोळा झाली. पुढच्या मार्चमध्ये देणगीदाराच्या ऑडिटवाल्यांनी धोरण मागितलं, धोरण दिलं गेलं, सुरक्षेच्या रकान्यात 'पूर्तता' लिहून ते गेले.

सेवा म्हटली की प्रश्न विचारायचे नाहीत, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. घरचा माणूस म्हणायचं आणि घरच्या माणसाचा विमा काढायचा नाही, हे कुठल्या घरात चालतं? मी फास्टॅगचं स्टेटमेंट आणि वाहनभाड्याच्या व्हाउचरच्या प्रती मामींना दिल्या. त्या कागदांवर त्यांच्या वकिलाने नोटीस काढली आणि संस्थेने तडजोड केली. मी फार दिवस तिथे राहिले नाही. मामा आता बाजार समितीत एका आडत्याकडे पावत्या लिहितात.

तुमच्या सचिवांनी हाच सूर लावला तर त्यांना ओस्लोच्या खटल्याचं सांगा. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत 29 जून 2012 ला नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिल या मदत संस्थेच्या ताफ्यावर हल्ला झाला. संस्थेचे महासचिव भेटीला आलेले, अपहरणाचा धोका माहीत असलेला, तरी सशस्त्र संरक्षण न घेता ताफा निघाला. चार कर्मचाऱ्यांना पळवून नेलं, चार दिवसांनी ते सुटले. त्यातल्या स्टीव्ह डेनिस यांनी संस्थेवरच दावा लावला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने संस्थेचा घोर निष्काळजीपणा मान्य करून सुमारे 44 लाख नॉर्वेजियन क्रोनर भरपाई दिली. न्यायालयाने पाहिलं ते हे: धोका आधी दिसत होता का, टाळता आला असता का, आणि न टाळल्यामुळेच नुकसान झालं का. संस्थेचा हेतू चांगला होता हे कुणी नाकारलं नव्हतं. त्या हल्ल्यात एक ड्रायव्हर जागीच मारला गेला. या खटल्यावर माणसं तासन् तास बोलतात, त्या ड्रायव्हरबद्दल बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

तर ऑडिट तिथून सुरू करा. पगारपत्रक बाजूला ठेवा आणि वाहनभाडे, मानधन, 'इतर प्रवास' ही खातेपानं उघडा. ज्या माणसांच्या जिवावर तुमचं काम चालतं ती तिथे सापडतील. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि डिझेलच्या पावत्यांवरची वेळ लॉगबुकशी लावून बघा. लॉगबुक मागाहून लिहिता येतं, टोलची वेळ बदलता येत नाही. विम्याच्या यादीची तारीख बघा, त्यानंतर कोण रुजू झालं ते बघा. आरसी बुकात गाडी खासगी आहे की भाड्याची, ते बघा. नोंदवही 'निरंक' असेल तर समाधान मानू नका. पेठ-सुरगाण्याच्या घाटांत पावसाळाभर गाड्या फिरवणाऱ्या संस्थेत वर्षभर काहीच घडलं नाही, यावर माझा विश्वास बसणार नाही. आणि फील्डवरच्या प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा: शेवटचं 'आज जाणार नाही' कधी म्हणालात, आणि मग काय झालं? मुलींना मुक्कामाच्या जागेबद्दल विचाराल तेव्हा खोलीत साहेब नकोत. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागतेच, ते तुम्हाला माहीत असणार.

बजेटही बघा. परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि वाहन चालवण्या-दुरुस्तीचा खर्च नियमांप्रमाणे प्रशासकीयमध्येच मोडतो. त्यामुळे दुसरा ड्रायव्हर आणि मुक्कामाचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो. हे अहवालात नावानिशी लिहा, म्हणजे देणगीदारालाही त्याचा वाटा उचलावा लागेल.

चेकलिस्टच हवी असेल तर आयएसओ 31030 (2021, प्रवासातल्या जोखमीबद्दल, मार्गदर्शक आहे, त्याचं प्रमाणपत्र नसतं) आणि कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड या मदत संस्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची आठवी बांधिलकी बघा, ती कर्मचारी आणि स्वयंसेवकांबद्दलच आहे. त्या मानकाची 2024 ची सुधारित आवृत्ती घ्या.

थोडं सांगायचं राहिलं. मी वकील नाही. कंत्राटी माणसाच्या अपघाताची जबाबदारी मुख्य मालकावर टाकणारं कलम 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात होतं (कलम 12). आता तो विषय 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय आणि धर्मादाय संस्थेला ते कितपत लागू होतं यावर वाद घालता येतो, तेव्हा लिहिण्याआधी वकिलाला विचारा. तुमची संस्था पाच-सात जणांची असेल तर यातलं बरंच झेपणार नाही. निदान विमा आणि रात्रीचा प्रवास या दोन गोष्टी सोडू नका. 2027 च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवक घेणार असाल तर त्यांची यादी आत्ताच विम्यात घाला. आणि नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या की अहवाल थेट विश्वस्तांकडे जाईल. आधी सचिवांची सही लागणार असेल तर हे काम घेऊ नका.