शेजघरातलं चित्र आणि प्रकृती

प्रश्न : गरोदर बाईच्या खोलीत गुटगुटीत बाळाचं चित्र लावायची पद्धत आपल्याकडे आहे. युरोपातही असा समज होता का?

उत्तर : होता, आणि चांगल्या शिकल्यासवरलेल्यांचा होता. इटलीतला वास्तुकार आल्बेर्ती याने १४५०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात सल्ला दिलाय : नवराबायकोच्या शेजघरात रुबाबदार, देखण्या माणसांचीच चित्रं लावा, गर्भधारणेवर आणि मुलाच्या रूपावर त्याचा परिणाम होतो, असं म्हणतात.

जूलिओ मान्चिनी हा तर पेशाने वैद्य, पुढे पोप आठवे अर्बन यांच्या पदरी होता. १६२०च्या आसपास त्याने शृंगारिक चित्रांचं पथ्यच लिहून ठेवलं. ती आतल्या खोलीत ठेवावीत, झाकून, आणि पतिपत्नी एकत्र असतानाच उघडावीत. चित्राचा ठसा थेट गर्भावर उमटतो, हे मात्र त्याला मान्य नव्हतं. पाहणाऱ्या आईबापाच्या बीजातच तसा गुण उतरतो, असं तो मानी.

बाळंतिणीला फराळ नेण्याची रंगवलेली लाकडी तबकंही इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात असत. १४२८ सालच्या एका बारा बाजूंच्या तबकामागे नागडं बाळ सोन्या-चांदीची धार सोडतंय आणि कडेने प्रत्येक बाळंतिणीच्या आरोग्यासाठी प्रार्थना लिहिली आहे. बाळंतपणाच्या भीतीची आणि आशेची इतकी बोलकी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल.

बाळाचं रूप चित्रावरून ठरत नाही. आईला प्रसन्न वाटत असेल तर चित्र जरूर लावावं. तपासण्या आणि लोहाच्या गोळ्या मात्र चुकवू नयेत.

प्रश्न : त्या काळी युरोपात तापकऱ्याला पाण्याची चित्रं दाखवत, ती का?

उत्तर : हवा, खाणंपिणं, झोप, हालचाल, शरीरातून बाहेर पडणारं आणि आत साठणारं, मनाचे विकार : या सहा गोष्टींवर प्रकृती अवलंबून असते, असं तेव्हाचं वैद्यक मानी. चित्राचं काम मनाच्या विकारांवर. ताप उष्ण आणि कोरडा, म्हणून उतारा थंड आणि ओला. रंगवलेले झरे-नद्या पाहून तापात आराम पडतो, असं आल्बेर्ती सांगतो. झोप येत नसेल तर पाहिलेलं निर्मळ पाणी मनात आणावं, हेही. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ आणि वैद्य फिचिनो याने १४८९मध्ये हिरव्या रंगाला डोळ्यांचं औषध ठरवलं आणि शेजघराच्या छतावर हिरव्या, सोनेरी, निळ्या रंगांत विश्व रंगवायला सुचवलं.

ताप अशाने उतरत नाही. तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी चित्र लावणार असाल तर पायथ्याच्या भिंतीवर, पडल्यापडल्या दिसेल असं लावा. उशाकडचं चित्र भेटायला येणाऱ्यांनाच दिसतं. आणि खिडकीसमोर टांगलेल्या काचेच्या फ्रेममध्ये चित्राऐवजी खिडकीच चमकते.