सार्डिनियातल्या अल्गेरो या तटबंदीच्या शहराचा इतिहास काय, आणि तिथे बघण्यासारखं काय आहे?

अल्गेरो इटलीत आहे, पण वळण कॅटलान, म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनियाचं. बाराव्या शतकात जेनोआच्या डोरिया घराण्याने ते वसवलं. 1354 मध्ये अरागॉनच्या (आजच्या स्पेनमधलं एक राज्य) राजाने ते जिंकलं, पुढे बंडखोर रहिवाशांना हाकलून कॅटलान कुटुंबं आणून वसवली. म्हणून आजही जुन्या गावातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर इटालियनसोबत कॅटलान नाव दिसतं. कॅटलान भाषा बोलणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत, तरुण तर फारच थोडे.

जमिनीकडचा बराचसा तट एकोणिसाव्या शतकात पाडला. समुद्राकडचा शाबूत आहे आणि खरी मजा तिथेच. कोलंबस, मॅगेलन, मार्को पोलो अशी नावं दिलेल्या बुरुजांवरून संध्याकाळी रमतगमत फिरा. एका बाजूला खाली लाटा, दुसऱ्या बाजूला सान मिकेले चर्चचा रंगीत टाइल्सचा घुमट.

नेपच्यूनची गुहा चुकवू नका. कापो काच्चा या भूशिराच्या कड्यावरून साडेसहाशेच्या वर पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच परत चढायच्या! गुडघे कुरकुरत असतील तर बंदरातून बोट घ्या. पण समुद्र खवळला की गुहाच बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

हा किनारा लाल पोवळ्यांसाठी प्रसिद्ध. गल्लोगल्ली दागिन्यांची दुकानं आहेत. स्वस्त दिसलं की आधी शंका घ्या. खाण्यात कांदा-टोमॅटो घातलेला कॅटलान पद्धतीचा लॉब्स्टर नावाजलेला, पण खिशाला चांगलाच चाट लावतो. जुलै-ऑगस्टमध्ये तुफान गर्दी असते, जून किंवा सप्टेंबर बरा.