परदेशातलं सुटीचं घर : आधी मुक्कामाच्या रात्री मोजा, मग घर बघा

प्रश्न : आम्ही दरवर्षी एकाच समुद्रकिनाऱ्यावर सुटीला जातो. भाड्यात बराच पैसा जातो. तिथेच घर घेतलं तर पुढे स्वस्त पडेल ना?

उत्तर : बहुतेकांना पडत नाही. लोक एका बाजूला घराची किंमत ठेवतात, दुसऱ्या बाजूला भाडं, आणि मधला खर्च धरतच नाहीत. हिशेब असा मांडा. घराची किंमत १०० धरा. खरेदीवरचा कर, नोटरी, वकील आणि नोंदणी यांचे मिळून १०. देशागणिक हा आकडा बदलतो. स्पेनमध्ये जुन्या घरावरचा खरेदी करच बहुतेक प्रांतांत ६ ते १० टक्के आहे. फर्निचर, भांडीकुंडी, पडदे, एसी यांचे ५. म्हणजे ताबा मिळेपर्यंत ११५ गुंतले. ही रक्कम सुरक्षित ठिकाणी ठेवून ४ टक्के मिळाले असते, तर वर्षाला ४.६ चं उत्पन्न सोडलं. मालमत्ता कर, इमारतीची वर्गणी, विमा, वीज-पाण्याचा स्थिर आकार, देखरेख आणि किरकोळ दुरुस्ती यांना वर्षाला २.५ ठेवा. सुरुवातीचे १५ आणि विकतानाचे साधारण ६ दहा वर्षांवर वाटले की वर्षाला २.१ येतात. एकूण ९.२.

आता याला रात्रींनी भागा. वर्षाला ३० रात्री राहणार असाल, तर एक रात्र किमतीच्या ०.३१ टक्क्याला पडते, म्हणजे साधारण सव्वातीनशेवा हिस्सा. ९० रात्री राहिलात तर जवळपास हजारावा. तसंच घर त्याच भागात यापेक्षा कमी भाड्यात मिळत असेल, तर भाड्यानेच राहा. किंमत वाढेल असं वाटत असेल, तर दरसाल २ टक्के वाढ धरून बघा : ९.२ चे ७.२ होतात आणि ३० रात्रींसाठी दर ०.२४ टक्के. फरक पडतो, पण चित्र पालटत नाही. शिवाय ही वाढ तिथल्या चलनातली. ते चलन घसरलं तर सगळी वाढ त्यात जाऊ शकते.

रात्रींचा आकडा मनाने ठरवू नका. मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती रात्री तिथे काढल्या ते लिहा. रजा, मुलांच्या शाळा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची तब्येत घर घेतल्याने बदलत नाही. आणि ठरवण्याआधी त्याच गावात हंगाम नसताना चार आठवडे भाड्याने राहून बघा. दुकानं बंद, बस कमी, थेट विमान बंद : हे सगळं तेव्हाच कळतं.

प्रश्न : घर आपलं झालं की तिथे हवं तितकं राहता येतं ना?

उत्तर : नाही. मालकी वेगळी आणि राहण्याची परवानगी वेगळी. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, अल्पमुदतीच्या प्रवेशावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि तुमच्या नावावर घर असल्याने त्यात एक दिवसही वाढत नाही. घरखरेदीच्या जोरावर निवासपरवाना देणाऱ्या योजनाही बंद होत आहेत. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही वाट बंद केली, स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून. एजंट अजून जुनी पत्रकं दाखवत असेल, तर त्याच्याकडून पुढे काहीच घेऊ नका.

प्रश्न : थायलंडमध्ये एक बंगला आवडला आहे. विकणारे म्हणतात, परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, पण स्थानिक कंपनी काढून तिच्या नावावर घ्या. हे चालतं का?

उत्तर : यात पडू नका. नावापुरते स्थानिक भागधारक दाखवून परदेशी माणसाने जमीन धरणं तिथे बेकायदा आहे. त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. 'सगळे असंच करतात' हे उत्तर तपासणी आल्यावर उपयोगी पडत नाही. कायदेशीर मार्ग मुख्यतः दोन. एक, कॉन्डोमधला फ्लॅट : इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. हा कोटा शिल्लक आहे का, याचं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून घ्या. पैसे परकीय चलनातच बाहेरून आले पाहिजेत आणि बँकेचा तसा दाखला हवा, नाहीतर नोंदणी अडते. दुसरा मार्ग ३० वर्षांचा नोंदवलेला भाडेपट्टा. 'पुढची ३०, मग आणखी ३०' असं करारात लिहून देतात, पण ते आजच्या मालकाचं आश्वासन असतं. जमीन विकली गेली किंवा मालक वारला, तर नव्या मालकावर ते बंधनकारक राहीलच असं नाही. म्हणून किंमत ठरवताना ३० वर्षंच धरा.

असे निर्बंध इतरत्रही आहेत. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला राहतं घर बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. त्याची मुदत ५० वर्षं, आणि ती वाढवता येते. इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी नागरिकांनाच. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परदेशी लोकांना वापरातली जुनी घरं घ्यायला, थोडे अपवाद वगळता, बंदी घातली. तेव्हा घर बघायला जाण्याआधी कायदा बघा.

प्रश्न : स्पेनमध्ये जुनं घर बघितलंय. बुकिंगची रक्कम लगेच भरा म्हणतात. कागद कोणते पाहू?

उत्तर : आधी स्वतःचा वकील, विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नव्हे. नोटरी दस्त नियमानुसार करतो, पण तो तुमच्या बाजूने भांडणारा वकील नव्हे. वकिलाकडून नोंदणी कार्यालयाचा ताजा उतारा मागवा. स्पेनमध्ये त्याला 'नोटा सिंपले' म्हणतात; त्यावर मालक कोण, गहाण किती, जप्ती आहे का हे दिसतं. मग उतारा हातात घेऊन घरात फिरा. वरची खोली, झाकलेली गच्ची, पोहण्याचा हौद यातलं काही उताऱ्यात नसेल, तर ते विनापरवाना असू शकतं आणि दंड किंवा पाडकामाचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. इमारतीच्या थकलेल्या वर्गणीचंही तसंच : चालू वर्ष आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी तिथे घराबरोबर येते. प्रशासकाकडून ना-देय दाखला घ्या आणि मागच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं वाचा. लिफ्ट किंवा छताच्या मोठ्या कामाचा ठराव तिथेच सापडतो.

इसार साधारण १० टक्के असतो. नेहमीच्या करारात तुम्ही मागे हटलात तर तो जातो, विकणारा हटला तर दुप्पट परत मिळतो. कर्ज काढणार असाल, तर 'कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत' हे कलम सहीआधी घालून घ्या. इसार आणि दस्त यांत दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात विनिमय दर हलतो. पुढच्या तारखेचा दर आजच बांधून देणारा करार बँकेशी करता येतो का, ते विचारा. पैसे बाहेर पाठवण्यावर तुमच्या देशात मर्यादा असेल, तर तीही याच टप्प्यावर तपासा.

प्रश्न : घर आठ-नऊ महिने बंद राहील. काय बिघडतं?

उत्तर : सुरुवात पाण्यापासून होते. बेसिनखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी अडून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. काही आठवड्यांत ते सुकतं, मग वास आणि झुरळं थेट घरात. निघताना त्या पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडलं की ते हळू सुकतं. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. थंड प्रदेशात नळ उघडून पाइप रिकामे करा, कारण गोठलेलं पाणी पाइप फोडतं. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा. दमट किनाऱ्यावर कपाटांची दारंही उघडी ठेवा, नाहीतर बुरशी धरते. परतल्यावर गिझर ६० अंशांपर्यंत तापवा आणि सगळे नळ, शॉवरसुद्धा, काही मिनिटं सोडून द्या. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढतात.

विम्याची पॉलिसी मात्र ओळ न् ओळ वाचा. सलग ३० किंवा ६० दिवस घर रिकामं राहिलं की पाणीगळती आणि चोरीचं संरक्षण थांबतं, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी आत जाऊन फोटो काढेल आणि तारीख लिहील अशी सोय करा. दावा करताना ती नोंद लागते.

प्रश्न : आम्ही नसताना भाड्याने देऊन खर्च भागेल का?

उत्तर : सगळा खर्च त्यातून निघेल हे धरून घर घेऊ नका. जास्त भाडं देणारे आठवडे नेमके तुम्हाला हवे असलेलेच असतात. आणि परवाना हातात येईपर्यंत भाडं शून्य धरा. बार्सिलोनाने पर्यटकांना द्यायच्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू न ठेवण्याचं जाहीर केलं आहे. न्यू यॉर्कमध्ये ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमान स्वतः घरात राहत असावा लागतो. स्पेनमध्ये एप्रिल २०२५ पासून नव्या पर्यटक-फ्लॅटला इमारतीतल्या तीनपंचमांश मतांची मान्यता लागते. भाड्याने दिलं नाही तरी तिथे अनिवासी मालकाला घराच्या सरकारी मूल्यावर काल्पनिक उत्पन्न धरून कर भरावा लागतो.

प्रश्न : पुढे विकायचं झालं किंवा मुलांच्या नावावर जायचं झालं तर?

उत्तर : विक्रीची सगळी रक्कम लगेच हातात येत नाही. विकणारा अनिवासी असेल तर स्पेनमध्ये खरेदीदार किमतीचे ३ टक्के कापून करखात्यात भरतो, अमेरिकेत साधारणपणे १५ टक्के. तुमचा कर कमी निघाला तर फरक परत मागता येतो, पण त्यात वेळ जातो. त्यासाठी खरेदीच्या दिवसापासूनची मोठ्या कामांची बिलं जपून ठेवा.

वारशाचा कायदाही देशागणिक वेगळा. फ्रान्समध्ये मुलांचा राखीव हिस्सा असतो. सगळं पत्नीच्या नावे, असं मृत्युपत्र तिथे आपोआप चालत नाही. म्हणून त्या देशातल्या घरासाठी तिथल्या वकिलाकडून वेगळं मृत्युपत्र करा आणि 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे ठरावीक वाक्य दोन्हींत कुठे शिरलं नाही ना, ते बघा. त्या एका वाक्याने दुसऱ्या देशातलं मृत्युपत्र रद्द होऊ शकतं. दोन्ही वकिलांना एकमेकांचे मसुदे सहीआधी वाचायला द्या.