‘ब्लॅक्युला’ आणि त्याचा दुसरा भाग आपल्या रामसेपटांसारखेच आहेत का? आधी कुठला पाहू?

‘रामसेपटांसारखेच का’, म्हणजे रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांसारखेच का, असं विचारलंत म्हणून लिहितोय. नाहीतर हा विषय काढायचा नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

2009 साली कोथरूडच्या खोलीवर मी ‘ब्लॅक्युला’ (1972) हा अमेरिकन व्हॅम्पायरपट लावला होता. पाच टाळकी, भेळ आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर. एक मित्र (आता माझा साडू आहे, म्हणून नाव घेत नाही) अर्धा तास उशिरा उगवला. पडद्यावर लॉस एंजेलिसमधला नाइटक्लब आणि त्यात काळा झगा घातलेला उंचापुरा माणूस. साडू दारातच फुटला. ‘काळा ड्रॅक्युला! म्हणून ब्लॅक्युला!’ त्यानंतर प्रत्येक मुंजीत आणि बारशात हा किस्सा होतो आणि मी ‘तो ब्लॅक्युलावाला’ ठरतो.

आता त्याने काय चुकवलं ते ऐका. 1780 साल. आफ्रिकेतला राजपुत्र मामुवाल्डे बायकोला, लुवाला, घेऊन ट्रान्सिल्व्हेनियात ड्रॅक्युलाकडे जेवायला आलाय. कशाला, तर गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागायला. ड्रॅक्युला त्या व्यापाराचे गोडवे गातो, लुवाकडे बघत तिची किंमत करतो आणि वर ही स्तुतीच समजा म्हणतो. मग मामुवाल्डेला चावतो, शवपेटीत कोंडतो आणि जाता जाता त्याला नाव देतो, ब्लॅक्युला. लुवा त्याच खोलीत कोंडलेली, मरेपर्यंत त्याचा आक्रोश ऐकत. म्हणजे ज्या नावावर साडू पंधरा वर्षं हसतोय, ते मालकाने गुलामाला ठेवलेलं नाव आहे! या पहिल्या भागात तो स्वतःला मामुवाल्डेच म्हणवतो.

हे आकाशातून पडलेलं नाही. मामुवाल्डे झालेला विल्यम मार्शल हा शेक्सपिअर करणारा नट, त्याचा ऑथेल्लो गाजलेला. मूळ पटकथेत नायकाचं नाव अँड्र्यू ब्राउन होतं, आणि तेही काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या एका जुन्या रेडिओ मालिकेतलं. राजपुत्र आणि गुलामगिरीचा धागा मार्शलने हट्टाने आणवला. बाकी पैसा दिसत नाही, हे कबूल. रक्ताची तहान लागली की मामुवाल्डेच्या गालांवर केस उगवतात, ते बघून मलाही हसू येतं. पण शवागारातला प्रसंग बघा. कामगार फोनवर बोलत बसलाय, दार लावायचं राहिलंय, आणि लांब बोळाच्या टोकाकडून त्याने मारलेली एक टॅक्सीवाली हात पसरून, स्लो मोशनमध्ये थेट आपल्या अंगावर धावत येते. भेळेचा कागद माझ्या हातातून पडला होता.

दुसरा भाग, ‘स्क्रीम ब्लॅक्युला स्क्रीम’ (1973), सरळ सांगतो, कमी आहे. पहिल्याच्या शेवटी हा माणूस कुणी न मारता स्वतः जिना चढून उन्हात गेलेला. त्याला वूडूच्या मंत्रतंत्राने हाडांतून परत उठवायचं म्हणजे त्या मरणाची किंमत घालवणं. तरी त्यातल्या पाम ग्रिअर या नटीसाठी पाहा. आणि रस्त्यावर वेश्यांचे दोन दलाल त्याला लुटायला येतात, त्यांना तो ‘आपल्याच बहिणीला गुलाम केलंत, मालकांची नक्कल करताय’ असं झापतो, त्या एका प्रसंगासाठी. आणखी गंमत म्हणजे, त्याला उठवणारा विलिस स्वतः व्हॅम्पायर होतो आणि पार्टीचे नवे कपडे चढवल्यावर आरशात आपण दिसत नाही म्हणून कळवळतो. ते मुद्दाम विनोदी आहे, साडू.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या भागात ती शवपेटी विकत घेऊन लॉस एंजेलिसला आणणारं समलिंगी जोडपं निव्वळ हसण्यासाठी ठेवलंय, त्यांना शिव्याही पडतात. आज ते खुपतं, माझं प्रेम असलं तरी.

रामसेपटांशी तुलना मला करायची नाही, ती मला वेगळ्या कारणाने आवडतात. याच वाटेवरचा खरा मोठा सिनेमा हवा असेल तर बिल गनचा ‘गांजा अँड हेस’ (1973). निर्मात्यांना दुसरा ब्लॅक्युला हवा होता, त्याने भलतंच काहीतरी संथ आणि विलक्षण करून दिलं. कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर निर्मात्यांनीच कापून, नाव बदलून विकला. पण त्याने सुरुवात करू नका, झोपाल.

पहिला भाग आधी. आणि पहिल्या मिनिटापासून. साडू अजून म्हणतो की तो वेळेवर आला होता, मीच लवकर लावला. नऊ ठरले होते. भेळवालाही साक्षीला आहे.