गोरिलांच्या कळपातला प्रमुख नर मेला तर मागे राहिलेल्यांचे काय होते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. कळपाचा प्रमुख नर, म्हणजे सिल्व्हरबॅक, मेला तर कळप टिकतो का, आणि त्याच्या जागी येणारा नर आधीच्याची पिल्ले सांभाळतो का. दोन्हींचे उत्तर बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते : प्रमुख नर गेला त्या दिवशी कळपात दुसरा जाणता नर होता की नव्हता. असला, तर कळप बहुधा टिकतो आणि पिल्लेही वाचतात. नसला, तर माद्या दुसऱ्या नरांकडे निघून जातात आणि अंगावर पिणाऱ्या पिल्लांची धडगत नसते.

मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. नोकरीनिमित्त काही वर्षे कंपालात होतो, त्या काळात युगांडाच्या ब्विंडी अरण्यात दोनदा गेलो आणि तेव्हापासून या विषयाचे वेड लागले. त्याआधी गोरिला पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात. पोलो हा तेव्हाचा भारतातला एकमेव गोरिला आमच्याकडे पाठ करून बसला होता आणि त्यामुळे गोरिला हा एकटा राहणारा, तुसडा प्राणी असावा अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. ब्विंडीत ती तासाभरात गेली.

तासाभरातच, कारण तिथे माणसांना सवयीच्या झालेल्या कळपाजवळ आठ पर्यटकांना एक तास थांबू देतात, त्याहून अधिक नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा सिल्व्हरबॅक उताणा पडला होता आणि दोन पिल्ले त्याच्या पोटावर चढून घसरगुंडी खेळत होती. आमच्या वाटाड्याने घसा खाकरल्यासारखा एक लांब, खालच्या पट्टीतला हुंकार दिला. गोरिला चरताना एकमेकांना असाच हुंकार देतात, त्याचा अर्थ साधारण ‘मी इथे आहे, सगळे ठीक आहे’ असा असतो. थोड्या वेळाने झाडोऱ्यामागे दोन माद्यांची वाजली आणि किंकाळ्या सुरू झाल्या. नर उठलासुद्धा नाही. तो खोकल्यासारखे दोनदा तुटक गुरगुरला आणि भांडण जागच्या जागी थांबले. पुढे केव्हातरी हुंकार वाढू लागले, तो उठला, आमच्याकडे न पाहता उतारावरून चालू लागला आणि दोन-तीन मिनिटांत झुडपाझुडपांतून सगळा कळप त्याच्या मागे निघाला. एकदाही त्याने मागे वळून पाहिले नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की सिल्व्हरबॅक म्हणजे दिवसभर छाती बडवत मारामाऱ्या करणारा दादा, ही समजूत घेऊन आपला प्रश्न नीट कळत नाही. बारा-तेरा वर्षांच्या सुमारास नराची पाठ रुपेरी होते आणि पुढे त्याचे वजन मादीच्या जवळपास दुप्पट भरते. पण या ताकदीचा प्रत्यक्ष वापर क्वचितच होतो. छाती बडवण्याचेही तेच. ती मुठींनी नव्हे, तर ओंजळीसारख्या पोकळ केलेल्या तळव्यांनी बडवली जाते आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नर जितका थोराड, तितका त्याच्या छातीचा आवाज खोल. म्हणजे दाट जंगलातला प्रतिस्पर्धी न बघताच समोरच्याचा अंदाज घेऊ शकतो आणि पुष्कळ भांडणे होण्याआधीच मिटतात. सिल्व्हरबॅकचे खरे काम तिथे असणे हेच आहे, आणि म्हणूनच तो नाहीसा झाला की काय होते ते इतक्या लवकर दिसून येते.

आता पिल्लांविषयी. गोरिलाचे पिल्लू तीन-चार वर्षे आईचे दूध पिते आणि तोवर आई सहसा पुन्हा गाभण राहत नाही. बाहेरून आलेल्या नराच्या दृष्टीने हा फुकट जाणारा काळ असतो. पिल्लू मेले तर मादी लवकर माजावर येते, म्हणून असा नर पिल्लाला मारतो. त्याहून पचायला अवघड गोष्ट अशी की मादी पुष्कळदा त्याच नराबरोबर राहते, कारण ज्याने पिल्लू मारले तो निदान पुढचे पिल्लू इतरांपासून राखण्याइतका बळकट आहे हे तिला कळलेले असते. (हा शेवटचा अर्थ अभ्यासकांनी लावलेला आहे, गोरिलीणीला कोणी विचारलेले नाही.) आपल्याकडच्या लंगुरांतही हे घडते. टोळीवर ताबा मिळवलेला नवा हुप्प्या आधीची पिल्ले मारतो, हे जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळच नोंदवले होते.

या सगळ्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रवांडातले आहे. डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये विरुंगा पर्वतात कारिसोके हे संशोधन केंद्र सुरू केले. त्यांच्या नोंदींतल्या चौथ्या गटाचा प्रमुख होता अंकल बर्ट आणि त्याच्या हाताखाली पहारा देणारा तरुण नर होता डिजिट. ३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकारी आणि त्यांची कुत्री कळपावर चालून आली तेव्हा डिजिट त्यांना सामोरा गेला आणि भाल्यांनी मारला गेला. तेवढ्यात बाकीचे निसटले. पुढच्या जुलैमध्ये शिकाऱ्यांनी अंकल बर्टला गोळी घातली. म्हणजे सात महिन्यांत गटाचा प्रमुख गेला आणि त्याची जागा घेऊ शकला असता तो वारसही गेला.

मागे उरलेले नर अजून पुरते वयात आलेले नव्हते. त्यांपैकी बीट्समी हा त्या कळपात जन्मलेलाच नव्हता. (या नावाचा अर्थ ‘कुणास ठाऊक’ असा होतो, नावे ठेवण्यात फॉसी यांचा हात कोणी धरला नसता.) त्याने फ्लॉसी नावाच्या मादीचे तान्हे पिल्लू मारले. टायगर हा दुसरा तरुण नर त्याला अडवू पाहत होता, पण त्याचे बळ अपुरे पडले. काही काळाने फ्लॉसी आणि इतर माद्या परक्या कळपांत निघून गेल्या. एका बंदुकीच्या गोळीने एक नर मेला असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्या गोळीने एक अख्खे कुटुंब मोडले, आणि ते मोडायला काही महिने पुरले.

फ्लॉसीचा चार वर्षांचा मुलगा टायटस मात्र मागेच राहिला. बाप मेलेला, आई गेलेली, आणि भोवती नुसते नर. एवढ्या लहान पिल्लाचा निभाव लागणार नाही असे कोणालाही वाटले असते. पण टायगर त्याला जवळ करू लागला, नरांच्याच त्या गटात टायटस वाढला, पुढे स्वतः सिल्व्हरबॅक झाला, अनेक पिल्लांचा बाप झाला आणि २००९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मेला. गोरिलाच्या मानाने हे पिकले वय म्हणावे लागेल.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘नाही’ असे देता येत नाही. बाहेरचा नर दूधपिते पिल्लू सहसा ठेवत नाही. कळपातलाच नर, म्हणजे मेलेल्याचा मुलगा किंवा भाऊ, ती पिल्ले सांभाळतो, कारण ती त्याच्या नात्यातली तरी असतात किंवा क्वचित त्याची स्वतःची असू शकतात. पर्वतीय गोरिलांच्या पुष्कळ कळपांत एकाहून अधिक सिल्व्हरबॅक असतात, त्याचा मोठा फायदा हाच. पश्चिमेकडच्या सखल जंगलांतल्या गोरिलांमध्ये मात्र कळपात सहसा एकच प्रौढ नर असतो, त्यामुळे तो मेल्यावर कळप फुटणे हेच तिकडे अधिक नेहमीचे आहे.

आई नसलेल्या पिल्लांबाबत २०२१ मध्ये कारिसोकेच्या पाच दशकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांहून मोठ्या पिल्लांची आई गेली तरी त्यामुळे त्यांच्या मरणाची शक्यता वाढलेली दिसली नाही. कळपातल्या इतरांशी त्यांची जवळीक वाढते आणि त्यात पुढाकार बहुधा सिल्व्हरबॅकचाच असतो. रात्री ती त्याच्याजवळ झोपतात.

हे झोपण्याचे कसे कळते, असा प्रश्न मला पडला होता, म्हणून तेही सांगतो. गोरिला रोज संध्याकाळी पाने आणि फांद्या वाकवून नवे घरटे करतो, आणि पर्वतीय गोरिला बहुधा घरट्यातच विष्ठा टाकून सकाळी पुढे जातो. गणना करणारे लोक मागाहून घरट्याघरट्यात वाकून तिचा आकार मोजतात. मोठ्या विष्ठेशेजारी लहान विष्ठा सापडली तर ते सहसा आई आणि पिल्लू असते. एखाद्या सकाळी त्या दोन्हींच्या जोडीला दाबल्या गेलेल्या पानांत रुपेरी केस सापडले, तर त्या पिल्लाला आई उरलेली नाही, हे बहुधा वाटाड्याला सांगावे लागत नाही.