कलाशिक्षकांना संग्रहालयांच्या संकेतस्थळांकडून नेमके काय हवे असते?

सर्वांत आधी हवे असते ते कितीही मोठे केले तरी न फाटणारे छायाचित्र, कारण वर्गातल्या पडद्यावर कुंचल्याचा फटकारा, रंगाचा थर आणि त्यावरच्या बारीक भेगा दिसल्या नाहीत, तर मुलांना चित्राचा विषय तेवढा कळतो, चित्र कसे घडले ते कळत नाही. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये डच चित्रकार रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे ७१७ गिगापिक्सेलचे, म्हणजे ७१७ अब्ज बिंदूंचे, छायाचित्र खुले केले, त्यात डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही न्याहाळता येतो. मात्र पडद्यावर भित्तिचित्र आणि लघुचित्र सारख्याच आकाराची भासतात, म्हणून मापांबरोबर शेजारी माणसाची आकृतीही दाखवावी. ‘नाइट वॉच’ सुमारे ३.८ मीटर उंच आहे, हे आकड्यापेक्षा त्या आकृतीवरून मुलांना चटकन उमगते.

वापराचे हक्क साध्या भाषेत लिहिलेले असावेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे निर्बंधाविना खुली केली, त्यामुळे ती छापून, कापून त्यांवरून नवे काम निर्धास्तपणे करता येते. तयार पाठ मला दुय्यम वाटतात. साहित्य, तंत्र आणि काळ यांनुसार नेमका शोध घेता आला, तर शिक्षक आपला पाठ स्वतः उत्तम रचतो.